शेतीचा उदय व स्त्री-पुरुष श्रमविभागणी

शिकार व अन्नसंकलन मागे पडून शेती स्थिरावताना स्त्री-पुरुषांच्या कामांत व दर्जात पडलेला फरक. पश्चिम आशियात हे संक्रमण इ. स. पू. सु. १०००० ते ७००० या दरम्यान झाले. कंद व रानबी गोळा करणाऱ्या स्त्रियांनीच शेतीचा शोध लावला, हे मत प्रसिद्ध आहे. ते संभाव्य असले, तरी त्याला थेट पुरावा नाही.

हाडांचा पुरावा अधिक भरवशाचा आहे. सिरियात युफ्रेटीसकाठी अबू हुरेरा या आरंभीच्या शेतकऱ्यांच्या वस्तीच्या जागी १९७२-७३ मध्ये उत्खनन झाले. पुढे ती जागा धरणाच्या पाण्यात गेली. तेथील सांगाडे हाडांच्या अभ्यासक थेया मॉलेसन यांनी अभ्यासले. पायाच्या अंगठ्याचे सांधे झिजलेले, गुडघ्यांवर ताणाच्या खुणा, कमरेचे मणके दबलेले. आणि हे प्रामुख्याने स्त्रियांत. कारण दळण. पाट्यासारख्या खोलगट दगडापुढे गुडघे टेकायचे, पायाची बोटे मुडपून जमिनीत रोवायची, अंगाचा सारा भार देऊन वरचा दगड पुढे रेटायचा आणि मागे ओढायचा. फिरते जाते फार नंतरचे. अपुऱ्या सांगाड्यांवरून लिंग ठरवणे अवघड असते, ही मर्यादा ध्यानात घेऊनही मॉलेसन यांचा निष्कर्ष ग्राह्य वाटतो. मध्य युरोपातील नवाश्मयुगीन (पाषाणयुगाच्या अखेरच्या, शेती करणाऱ्या टप्प्यातील) स्त्रियांची दंडाची हाडे आजच्या नौकानयनपटू स्त्रियांपेक्षा ११ ते १६ टक्के बळकट होती, असे २०१७ मध्ये दिसून आले. म्हणजे शेतीने स्त्रीला घरात बसवले नाही. आरंभी तिचे कष्ट फार मोठे होते.

दर्जा घसरला तो नांगरामुळे, असे डॅनिश अर्थशास्त्रज्ञ एस्तर बोसरुप यांनी १९७० मध्ये मांडले. हाताच्या कुदळीने होणाऱ्या शेतीत स्त्रिया पुढे असत. बैल जुंपल्यावर शेत पुरुषाकडे गेले. मात्र मध्य युरोपात नांगरापूर्वीच्या पहिल्या शेतकऱ्यांत स्त्रिया बहुधा बाहेरगावाहून नांदायला येत, असे दातांतील स्ट्रॉन्शियमवरून (बालपणीच्या अन्नपाण्यातून दातांत उतरणाऱ्या व तेथील जमिनीची ओळख देणाऱ्या मूलद्रव्यावरून) दिसते. म्हणजे पुरुष आपल्या जमिनीवर राहत. त्यामुळे सगळा भार एकट्या नांगरावर टाकता येत नाही. जमिनीचा वारसाही तितकाच महत्त्वाचा असावा.

भारतात राजस्थानातील कालीबंगन येथे नांगरटीच्या खुणा इ. स. पू. सु. २८०० च्या आहेत. नांगर कोण धरी, हे त्यांवरून कळत नाही. पुणे जिल्ह्यातील इनामगावी ताम्रपाषाणयुगीन (तांबे व दगड दोन्हींची हत्यारे वापरण्याच्या काळातील) घरात शिर नसलेली मातीची स्त्रीमूर्ती बैलासह सापडली. ती सुफलतेची देवता मानतात. त्या घरातल्या बाईचे स्थान त्यावरून ठरवणे धाडसाचे होईल.