चिनी शहरांतील युवा कलासंस्कृती

चीनच्या मोठ्या शहरांत 1990 नंतर तरुणांनी उभी केलेली कलासंस्कृती. ग्राफिटी व भित्तिचित्रे, स्वतंत्र आणि इंटरनेटवरचे अ‍ॅनिमेशन, रॅप, स्ट्रीट डान्स आणि संग्राहकांसाठीची खेळणी हे तिचे ठळक प्रकार. बीजिंग, शांघाय, छोंगछिंग, छंगदू, ग्वांगचौ आणि शेन्झेन ही तिची मुख्य केंद्रे. हाँगकाँगची परंपरा थोडी वेगळी आणि जुनी आहे. 1990 च्या जनगणनेनुसार चीनमधले सुमारे 26 टक्के लोक शहरांत राहत होते. 2020 मध्ये हे प्रमाण 64 टक्क्यांच्या जवळ पोचले. या तीस वर्षांत जुन्या वस्त्या पाडून शहरे नव्याने बांधली गेली, आणि त्या पाडकामाच्या धुळीत वाढलेल्या पिढीची ही कला आहे. म्हणूनच तिच्या जवळजवळ प्रत्येक प्रकारात जागेचा प्रश्न पुन्हा पुन्हा येतो. पाडायला काढलेली भिंत, बंद पडलेला कारखाना, एखाद्या कंपनीचे संकेतस्थळ अशा उसन्या जागेत कलाकार काम करतो. ती जागा कधी परत मागितली जाईल हे त्याच्या हाती नसते.

भिंतींवरची कला

चीनमध्ये भिंतीवर लिहिणे हे स्प्रेचे डबे येण्याच्या कितीतरी आधीपासून राजकीय कृत्य होते. सांस्कृतिक क्रांतीच्या काळात मोठ्या अक्षरांतली भित्तिपत्रके लावून माणसांना उठवले आणि पाडले गेले. 1978 च्या हिवाळ्यात बीजिंगमधल्या शीदान भागातल्या एका भिंतीवर नागरिकांनी लोकशाहीची मागणी करणारे मजकूर डकवले. ती ‘लोकशाहीची भिंत’ पुढच्याच वर्षी बंद झाली, आणि 1980 मध्ये भित्तिपत्रके लावण्याचा हक्क राज्यघटनेतून काढून टाकण्यात आला. पंधरा वर्षांनी तरुण चित्रकार भिंतीकडे वळले तेव्हा ही आठवण ताजी होती.

मुख्य भूमीवरच्या ग्राफिटीची सुरुवात सहसा झांग दाली या चित्रकारापासून धरतात. 1963 मध्ये हार्बिनला जन्मलेला झांग बीजिंगमध्ये शिकला, 1989 नंतर इटलीत बोलोन्याला गेला आणि तिथे त्याने भिंतींवर रंगवणे सुरू केले. 1995 मध्ये तो परतला तेव्हा बीजिंगच्या जुन्या गल्ल्या, म्हणजे हुतोंग, झपाट्याने पाडल्या जात होत्या. पाडायच्या घरावर पालिकेचे लोक वर्तुळात एक अक्षर रंगवून जात. त्याच भिंतींवर झांग रात्री एका टकल्या माणसाच्या डोक्याची बाजूने दिसणारी बाह्यरेषा एका झटक्यात काढू लागला. पुढच्या काही वर्षांत अशी दोन हजारांहून अधिक डोकी त्याने शहरभर रंगवली. हे कोण करते, ही कला की विद्रूपीकरण, यावर 1998 च्या सुमारास बीजिंगच्या वर्तमानपत्रांत वाद झाला. त्याच काळात त्याने मजुरांच्या मदतीने अर्धवट पडलेल्या भिंतींत त्या डोक्याच्या आकाराची भोके पाडून घेतली. एका प्रसिद्ध छायाचित्रात अशा भोकातून मागे राजवाड्याचा सोनेरी छपराचा बुरूज दिसतो. जुने जपले जाते ते कोणाचे आणि पाडले जाते ते कोणाचे, हा प्रश्न इतक्या थोड्या साधनांत मांडणारे दुसरे काम त्या दशकात शोधूनही सापडणे कठीण. झांगच्या या मालिकेचे नाव ‘संवाद’ आहे. शहर त्याला उत्तर देत होते ते पांढऱ्या रंगाचे हात मारून किंवा थेट बुलडोझरने.

हाँगकाँगमध्ये त्याच्याही आधी त्सांग त्सौ-चोई हा माणूस होता. तिथला कौलून हा भाग आपल्या पूर्वजांचा आहे असा त्याचा दावा होता, आणि सुमारे पन्नास वर्षे तो विजेच्या पेट्या, खांब आणि पुलांच्या भिंतींवर ब्रश व शाईने आपली वंशावळ लिहीत राहिला. लोक त्याला ‘कौलूनचा राजा’ म्हणत. शिक्षण जेमतेम, अक्षर ओबडधोबड, पण 2003 च्या व्हेनिस द्वैवार्षिकीत त्याचे लेखन प्रदर्शित झाले. 2007 मध्ये तो वारला. तोवर बहुतेक लिखाण पालिकेने पुसले होते. त्सिम शा त्सुई इथल्या फेरी धक्क्याजवळच्या एका खांबावरचे लिखाण मात्र पारदर्शक आवरण लावून जपले आहे.

2000 नंतर हिप-हॉपबरोबर गटाने रंगवणारी मुले आली. बीजिंगचा एबीएस हा गट 2007 चा. रोमन अक्षरांच्या फुगीर वळणांत चिनी अक्षरे कशी बसवायची, हा या पिढीचा कलेतला मुख्य प्रश्न होता. फोशानचा ह्वा तुनान याने त्याला वेगळे उत्तर दिले: शाईचे शिंतोडे उडवून काढायच्या पारंपरिक चित्रपद्धतीत त्याने स्प्रे आणि ग्राफिटीचा वेग आणला. वुहानमध्ये जन्मलेला डॅलईस्ट तारांच्या गुंतवळ्यासारख्या रेषांतून प्राणी उभे करतो आणि जगभरच्या शहरांत रंगवतो.

कायद्याच्या दृष्टीने विनापरवाना रंगवणे 1992 च्या शहर स्वच्छता व सौंदर्यविषयक नियमावलीत येते. सहसा दंड होतो आणि भिंत पुन्हा रंगवली जाते. चिनी शहरांत बनावट दाखले आणि शिक्के करून देणाऱ्यांचे फोन नंबर भिंतीभिंतींवर छापलेले असत, त्यामुळे सफाई कामगारांच्या लेखी चित्रकार आणि तो जाहिरातवाला यांत फारसा फरक नव्हता. राजकीय मजकूर नसेल तर चित्राकडे बरेचदा काणाडोळा होई, तो असेल तर मात्र प्रकरण पोलिसांकडे जाई. बहुतेकांनी हे ओळखून अक्षरे, प्राणी आणि चेहरे रंगवले. याला भित्रेपणा म्हणणे अन्यायाचे आहे. जिथे भिंतीवरच्या चार शब्दांनी माणसाचे आयुष्य उलटेपालटे झाल्याचे आईवडिलांनी पाहिले आहे, तिथे रंगाचा डबा हातात घेणे हेच पुरेसे धाडस होते.

परवानगीच्या भिंतीही निर्माण झाल्या. छोंगछिंगमधल्या ह्वांगज्वेफिंग भागात, सिच्वान ललितकला संस्थेच्या जुन्या आवाराभोवती, 2007 मध्ये सव्वा किलोमीटर लांबीच्या रस्त्यावरच्या इमारती खालपासून वरपर्यंत रंगवण्यात आल्या. आठशेहून अधिक कामगार, विद्यार्थी आणि कलाकार त्यात गुंतले होते. जवळच रणगाड्यांच्या जुन्या गोदामात कलाकारांचे स्टुडिओ आहेत. लोक हौसेने फोटो काढायला येतात. त्याला ग्राफिटी रस्ता म्हणतात खरे, पण तो स्थानिक प्रशासनाने आखलेला सुशोभीकरणाचा प्रकल्प आहे.

कारखान्यांचे तेच झाले. बीजिंगच्या ईशान्येला दाशानझी इथे पूर्व जर्मनीच्या मदतीने 1950 च्या दशकात इलेक्ट्रॉनिक्सचा प्रचंड कारखाना उभा राहिला होता. तो बंद पडत गेला तशी 2000 नंतर त्याच्या उंच, उत्तरेकडून उजेड घेणाऱ्या दालनांत चित्रकार स्वस्त भाड्याने आले. भिंतींवर माओच्या काळातल्या घोषणा तशाच होत्या. कारखान्याच्या क्रमांकावरून 798 म्हटला जाणारा हा कलाविभाग पाडायचे घाटत होते. कलाकारांनी प्रदर्शने भरवून, लोक गोळा करून तो वाचवला, आणि 2006 मध्ये शहराने त्याला सर्जनशील उद्योगांचा विभाग म्हणून मान्यता दिली. त्यानंतर भाडी वाढली, कॅफे आणि दुकाने आली, आणि ज्यांनी तो वाचवला त्यांतले बरेच जण छाओछांगदी, सोंगज्वांग अशा बाहेरच्या गावांत गेले. शांघायच्या मोगानशान रस्त्यावरच्या जुन्या कापडगिरणीत एम50 हे केंद्र झाले. त्याच रस्त्याच्या कडेला मोकळ्या जमिनीभोवतीची लांब भिंत अनेक वर्षे शहरातल्या ग्राफिटीची सर्वांत मोठी वही होती. ती पाडली गेली. त्या जागेवर ‘हजार झाडे’ हे व्यापारी संकुल 2021 च्या अखेरीस उघडले.

जानेवारी 2015 मध्ये शांघायमध्येच फ्रेंच चित्रकार ज्युलिअँ मालाँ आणि स्थानिक चित्रकार श झंग यांनी अर्धवट पाडलेल्या घरांच्या ढिगाऱ्यात लहान मुलांची चित्रे काढली. छायाचित्रे पसरली, गर्दी लोटली, आणि काही दिवसांतच चित्रे पुसली गेली. वरिष्ठांना खटकली ती चित्रे की त्यामुळे दिसू लागलेला ढिगारा, हा प्रश्न तेव्हा अनेकांनी विचारला.

चिनी भित्तिलेखनाचा सर्वांत गाजलेला अलीकडचा वाद चीनबाहेर झाला. ऑगस्ट 2023 मध्ये लंडनच्या ब्रिक लेनमध्ये काही चिनी विद्यार्थ्यांनी तिथली जुनी चित्रे पांढऱ्या रंगाने झाकून त्यावर समाजवादी मूल्यांची बारा सरकारी घोषवाक्ये, चोवीस अक्षरांत, लाल रंगाने लिहिली. काही तासांतच इतरांनी त्यावर टीका, चित्रे आणि 1989 मध्ये तियानआनमेन चौकात चिरडलेल्या आंदोलनाची आठवण लिहिली, आणि पालिकेने लवकरच सगळे पुसले.

अ‍ॅनिमेशन

इथे वारसा मोठा होता. वान बंधूंनी 1941 मध्ये युद्धग्रस्त शांघायमध्ये देशातला पहिला पूर्ण लांबीचा अ‍ॅनिमेशनपट केला. 1957 मध्ये स्थापन झालेल्या शांघाय अ‍ॅनिमेशन फिल्म स्टुडिओने 1960 पासून शाईच्या ओघळांतून हलणारी चित्रे करण्याची पद्धत घडवली, जी दुसऱ्या कुणाला सहज जमली नाही. नंतर बाजार खुला झाला, स्टुडिओ परदेशी कंपन्यांची कंत्राटी कामे करू लागले आणि मुले जपानी मालिका पाहत मोठी झाली.

सरकारने 2004 पासून देशी अ‍ॅनिमेशनला जोर दिला. 1 सप्टेंबर 2006 पासून संध्याकाळी 5 ते 8 या वेळेत परदेशी कार्टून दाखवायला बंदी आली. अनेक ठिकाणी तयार झालेल्या मिनिटांवर अनुदान मिळू लागले. 2011 मध्ये दूरचित्रवाणीसाठी 2 लाख 60 हजारांहून अधिक मिनिटांचे अ‍ॅनिमेशन तयार झाले. मिनिटे मोजून पैसे दिले की मिनिटेच तयार होतात. त्यातले फार थोडे आज कुणाला आठवते.

आठवणीत राहिलेले काम घरांतल्या संगणकांवर झाले. 2000 च्या सुमारास फ्लॅश हे सॉफ्टवेअर हाती आलेल्या तरुणांची एक फळीच तयार झाली. झू झीछ्यांग या तरुणाच्या काड्यांच्या माणसांच्या मारामाऱ्या जगभर पाहिल्या गेल्या, इतक्या की जाहिरातीत तसाच काडीमाणूस वापरल्याबद्दल त्याने नायकी कंपनीवर खटला भरला. खालच्या न्यायालयात तो जिंकला आणि 2006 मध्ये अपिलात हरला. सिच्वानचा यांग यू, म्हणजे ज्याओझी, औषधशास्त्र शिकून अ‍ॅनिमेशनकडे वळला आणि आईच्या पेन्शनवर घर चालवत त्याने साडेतीन वर्षांत एकट्याने एक लघुपट केला. त्याचाच ‘नेझा’ हा चित्रपट 2019 मध्ये कमाईत 5 अब्ज युआनवर गेला. जानेवारी 2025 मधल्या दुसऱ्या भागासाठी शंभराहून अधिक चिनी कंपन्यांनी काम केले. त्याने 15 अब्ज युआनची मर्यादा ओलांडली आणि तो जगातला सर्वाधिक कमाई करणारा अ‍ॅनिमेशनपट ठरला.

हा नेझा आपल्याला अनोळखी नाही. भागवतातल्या यमलार्जुनाच्या कथेत वृक्षयोनीतून सुटणारा कुबेरपुत्र नलकूबर बौद्ध ग्रंथांबरोबर चीनला गेला आणि तिथे नेझा झाला, असे अभ्यासक मानतात. शांघाय स्टुडिओच्या 1979 च्या चित्रपटात तो बापाला आपला देह परत करतो. ज्याओझीच्या चित्रपटात तो राक्षस म्हणून जन्मलेला, गावाने वाळीत टाकलेला, ठरवून दिलेले नशीब नाकारणारा मुलगा आहे. परीक्षांच्या आणि नोकरीच्या रेट्यात सापडलेल्या प्रेक्षकांनी त्याला आपला मानले यात नवल नाही.

दुसऱ्या टोकाला ल्यू ज्यान. नानजिंगच्या या चित्रकाराने मोजक्या साधनांत, जवळजवळ सगळी रेखाटने स्वतः करून 2017 चा ‘हॅव अ नाइस डे’ पूर्ण केला. एका लहान दक्षिणी शहरात चोरलेल्या पैशांच्या पिशवीमागे धावणाऱ्या माणसांची ती गोष्ट आहे. तो बर्लिन महोत्सवाच्या मुख्य स्पर्धेत होता. त्याच वर्षी फ्रान्समधल्या आनसी महोत्सवातून मात्र चिनी अधिकाऱ्यांच्या दबावामुळे तो काढून घ्यावा लागला. त्याआधी 2011 मध्ये, चिनी पंचांगातल्या ससा वर्षाच्या सुरुवातीला, पी सान याने भेसळीचे दूध आणि वाघांच्या जुलमाखाली पिचलेल्या सशांच्या बंडाची छोटी फिल्म इंटरनेटवर टाकली होती; ती लगेच हटवली गेली. मोठ्या पडद्यावरच्या यशाच्या आकड्यांबरोबर या दोन्ही घटना लक्षात ठेवायला हव्यात.

बिलिबिली

2009 मध्ये सुरू झालेले हे संकेतस्थळ अ‍ॅनिमेशनप्रेमी तरुणांचे मुख्य ठिकाण आहे. प्रेक्षकांच्या टिप्पण्या चालू चित्रावरूनच सरकत जातात; त्यामुळे खोलीत एकट्याने पाहणारा मुलगाही अनेकांबरोबर पाहत असतो. पूर्ण सदस्यत्वासाठी शंभर प्रश्नांची परीक्षा असे. 2018 मध्ये कंपनी अमेरिकी शेअर बाजारात गेली. 1 जानेवारी 2023 पासून तिने शांघाय स्टुडिओबरोबर आठ लघुपटांची मालिका दाखवली. पहिल्या भागात मोठ्या राक्षसाकडे राबणारे एक किरकोळ डुक्कर-भूत होते. वरिष्ठांचे चुकीचे हुकूम निमूट पाळणाऱ्या त्या पात्रात कचेऱ्यांतल्या तरुणांनी स्वतःला पाहिले, आणि त्यावरूनच काढलेला चित्रपट 2025 च्या उन्हाळ्यात दीड अब्ज युआनच्या पुढे गेला.

खेळणी, रॅप आणि नाच

वांग निंग याने 2010 मध्ये बीजिंगमध्ये सुरू केलेल्या पॉप मार्टने चित्रकारांच्या पात्रांची खेळणी बंद डब्यांत विकायला सुरुवात केली. आत कोणते निघेल ते उघडल्याशिवाय कळत नाही. हाँगकाँगमध्ये जन्मून नेदरलँड्समध्ये वाढलेल्या कासिंग लंग या चित्रकाराचे लबुबू हे पात्र त्यातूनच जगभर पोचले. चित्रकाराला मोठा बाजार मिळाला हे खरे, पण खरेदीचे व्यसन लावणारी ही विक्रीपद्धत मला खटकते. 2023 मध्ये सरकारने आठ वर्षांखालच्या मुलांना असे डबे विकू नयेत असे सांगितले.

रॅप भूमिगत होता तो आयछीयी या व्हिडिओ संकेतस्थळावरील 2017 च्या स्पर्धेने घराघरांत नेला. जानेवारी 2018 मध्ये गोंदवलेले कलाकार आणि हिप-हॉप दूरचित्रवाणीवर नकोत असा आदेश निघाला, विजेत्यांपैकी एक जण पडद्यावरून गायब झाला, आणि कार्यक्रम त्याच उन्हाळ्यात चिनी नाव बदलून परतला. नाचाला असा अडथळा आला नाही. ब्रेकिंग ऑलिंपिकमध्ये येणार हे ठरल्यावर प्रशिक्षक, संघ आणि पैसा आला. 2005 मध्ये जन्मलेल्या ल्यू छिंगयी हिने हांगचौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्य मिळवले.