निकोटिनचे व्यसन आणि जनुकीय भेद

सिगारेट ओढणाऱ्या एखाद्याचे दिवसाला तीन-चारवर भागते, तर दुसऱ्याला डोळे उघडताच पहिली पेटवावी लागते. हा फरक केवळ मनोनिग्रहाचा मानणे अन्यायाचे आहे. जुळ्यांच्या अभ्यासांनुसार, निकोटिन-अवलंबित्वात माणसामाणसांत जी तफावत दिसते, तिच्यातील साधारण निम्मा वाटा आनुवंशिक आहे. हा अंदाज समूहाचा आहे. कुणा एकाचे व्यसन ‘निम्मे जनुकांमुळे’ असे त्यावरून म्हणता येत नाही.

यातली सर्वांत स्पष्ट उकल यकृतात सापडते. निकोटिनचे कोटिनिन या पदार्थात रूपांतर करण्याचे काम मुख्यतः सीवायपी२ए६ हे विकर (एन्झाइम) करते. त्याचे जनुक १९व्या गुणसूत्रावर असते. काहींमध्ये ते मंद विकर बनवते, तर काहींमध्ये, विशेषतः पूर्व आशियात, ते जनुकच गळालेले आढळते. अशांच्या रक्तात निकोटिन जास्त वेळ टिकते आणि तलफ उशिरा येते. ते सरासरीने कमी सिगारेटी ओढतात आणि त्यांना त्या सोडणेही तुलनेने सोपे जाते. निकोटिनचा निचरा होण्याचा हा वेग ओळखायला जनुक तपासावेच लागते असे नाही. कोटिनिनपासून पुढे बनणाऱ्या हायड्रॉक्सिकोटिनिनचे कोटिनिनशी असलेले प्रमाण रक्तात किंवा लाळेत मोजले तरी पुरते. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जलद निचरा करणाऱ्यांना त्वचेवर लावायच्या निकोटिनच्या पट्टीपेक्षा व्हॅरेनिक्लिन या धूम्रपान सोडवणाऱ्या गोळीचा अधिक उपयोग झाला. मंद निचरा असणाऱ्यांना मात्र दोन्हींचा लाभ सारखाच झाला आणि गोळीचा त्रास जास्त.

दुसरा धागा मेंदूतला. १५व्या गुणसूत्रावरील सीएचआरएनए५ हे जनुक निकोटिन-ग्राहीचा, म्हणजे निकोटिन ज्याला चिकटते त्या मेंदूपेशींवरील प्रथिनाचा, एक घटक घडवते. त्या घटकात ३९८व्या जागी अ‍ॅस्पार्टिक आम्ल या अमिनो आम्लाऐवजी अ‍ॅस्पॅराजिन हे दुसरे अमिनो आम्ल आले, की ग्राहीचा प्रतिसाद मंदावतो. हा घटक नसलेले उंदीर इतर उंदरांना नकोसा होणारा निकोटिनचा मोठा डोसही घेत राहतात. म्हणजे येथे ओढ वाढण्यापेक्षा ‘आता पुरे’ हा इशारा क्षीण होतो. माणसात या बदलाच्या प्रत्येक प्रतीमागे दिवसाला सुमारे एक सिगारेट वाढते.

२००८ मध्ये सीएचआरएनए५ ज्यात येते तो जनुकसमूह फुप्फुसाच्या कर्करोगाशीही जोडला गेला. धूम्रपान आणि कर्करोग या दोन्हींमागे समान जनुके असू शकतील, असा तर्क संख्याशास्त्रज्ञ रोनाल्ड फिशर यांनी १९५८ मध्ये मांडला होता. त्यावरून तंबाखूला निर्दोष ठरवता येत नाही. एकबीज जुळ्यांपैकी एकच धूम्रपान करत असेल, तेथे फुप्फुसाचा कर्करोग धूम्रपान करणाऱ्या भावंडालाच अधिक गाठतो.

२०१९ च्या सुमारे १२ लाख लोकांवरील अभ्यासात तंबाखू आणि मद्य यांच्या वापराशी निगडित शेकडो जनुकीय स्थाने सापडली. बहुतेकांचा परिणाम अगदी सूक्ष्म आहे, आणि ती माहितीही प्रामुख्याने युरोपीय वंशाच्या लोकांची. तिच्यावर बेतलेले भाकीत इतर समाजांत तितकेसे खरे ठरत नाही.