नवी पिकअप घेताय? डिस्काउंट विचारा, पण विकतानाचा भाव आधी विचारा

कोल्हापुरात कावळा नाक्यावर आमचं लोडिंग गाड्यांचं ऑफिस आहे. जुन्या गाड्यांची घेवाण-देवाण, पासिंग, बोजा (आरसीवरची कर्जाची नोंद) चढवणं-उतरवणं, इन्शुरन्स ही आमची कामं. नवी गाडी आम्ही विकत नाही, पण नवी घेणारा माणूस जुनी आमच्याकडं विकायला आणतो आणि आज घेतलेली नवी चार-पाच वर्षांनी परत आमच्याच दारात येते, त्यामुळं शोरूममध्ये केवढ्याला घेतली आणि शेवटी केवढ्याला गेली ही दोन्ही टोकं आम्हाला दिसतात. गिऱ्हाईक मात्र एकच विचारतं, "डिस्काउंट किती सुटंल?" म्हणून हे पत्रक काढलंय. जरा लांबलंय, चहा घेऊन वाचा.

कोटेशन वरनं खाली वाचा

सगळ्यांची नजर पहिल्यांदा खालच्या ऑन-रोड आकड्यावर जाते. तसं करू नका. वर एक्स-शोरूम असते, त्यात जीएसटी धरलेला असतो. खाली आरटीओ टॅक्स. राज्याच्या २०२५ च्या अर्थसंकल्पात ७५०० किलोपर्यंतच्या मालवाहू गाड्यांना किमतीच्या ७ टक्के एकरकमी टॅक्स जाहीर झाला, म्हणजे गाडी महाग तसा टॅक्सही जास्त. मग इन्शुरन्स. त्यातल्या थर्ड पार्टीचा (दुसऱ्याच्या नुकसानीचा) दर सरकारी, २०२२ च्या दरपत्रकात ह्या गाड्यांना १६,०४९ रुपये अधिक जीएसटी, तो कोल्हापुरात घ्या नाहीतर कागलात, तेवढाच. फरक पडतो तो ओन डॅमेजच्या (आपल्या गाडीच्या नुकसानीच्या) भागात आणि तिथं हजारोंनी पडतो. शोरूमनं दिलेलाच इन्शुरन्स घ्यायची सक्ती कायद्यात कुठंच नाही, बाहेरनं एक कोटेशन आणून टेबलावर ठेवा, लगेच सूर बदलतो.

त्याच्याही खाली 'हँडलिंग', 'लॉजिस्टिक', 'किट' असल्या ओळी असतात. त्यावर बोट ठेवून शांतपणे विचारायचं, "ह्याची वेगळी पावती देणार का?" बऱ्याचदा ओळच गायब होते.

बिल १० लाखाच्या वर गेलं तर १ टक्का टीसीएस (विकणाऱ्यानं आधीच कापून घेतलेला इन्कम टॅक्स) लागतो. तो खर्च नव्हे, तुमच्या पॅनवर जमा होतो आणि रिटर्न भरताना वळता होतो. रिटर्नच भरत नसाल तर तिथंच पडून राहणार.

जीएसटी उतरला, त्याचा फायदा कुणाला

२२ सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ चा १८ टक्के झाला. ज्या गाडीची एक्स-शोरूम ९ लाख होती तिची मूळ किंमत ७ लाख ३ हजाराच्या आसपास, त्यावर १८ टक्के धरले की ८ लाख ३० हजार. म्हणजे कुणाशी घासाघीस न करता सत्तर हजार सुटले. पण ज्याची फर्म आहे, रेग्युलर जीएसटी नंबर आहे, टॅक्स लागणाऱ्या मालाचा धंदा आहे (शिरोली, गोकुळ शिरगावचे फाउंड्रीवाले, गांधीनगरचे कापडवाले वगैरे), त्याला मालवाहू गाडीवरचं क्रेडिट (भरलेला जीएसटी आपल्या टॅक्समधनं वळता करणं) आधीही मिळत होतं आणि आताही मिळतंय, त्याच्यासाठी गाडीची खरी किंमत तेव्हाही ७ लाख ३ हजार आणि आताही तेवढीच, फक्त अडकणारी रक्कम कमी झाली. फायदा झाला तो भाजीवाल्याचा, दुधाच्या गाडीवाल्याचा, शेतकऱ्याचा. दूध वाहतुकीला जीएसटीच माफ असल्यानं त्यांना क्रेडिट नसतंय. एक लक्षात ठेवा, क्रेडिट घेतलं असेल तर जुनी गाडी विकताना पूर्ण किमतीवर जीएसटी लावावा लागतो. तेवढं सीएला आधी विचारून घ्या.

आणि ह्याच निर्णयाचा दुसरा तडाखा कुणी बोलत नाही. नवी सत्तर हजारानं उतरली की जुनीही त्याच आठवड्यात उतरते, कारण जुनी घेणारा कायम नवीच्या भावाकडं बघूनच बोलतो. तुम्ही २०२४ ला केवढ्याला घेतली ह्याच्याशी त्याला काही देणंघेणं नाही.

डिस्काउंटचे प्रकार

डिस्काउंट म्हणजे सरळ पैसे असा समज असतो, पण तो चार वाटांनी येतो. बिलातच किंमत कमी केली तर तो खरा डिस्काउंट, त्यावरचा जीएसटीही वाचतो. ॲक्सेसरीज फुकट म्हणून दिल्या तर त्यांनी लावलेली किंमत धरू नका, बाजारात तीच ताडपत्री आणि सीट कव्हर केवढ्याला मिळतं ते धरा. व्याजदर कमी म्हणून दिला तर पुढं वाचा.

चौथा एक्स्चेंज बोनस. इथं सगळ्यात जास्त माणसं फसतात. तुमच्या जुन्या गाडीचा बाजारभाव समजा ३ लाख आहे, तिची किंमत २ लाख ७० हजार करायची आणि वर २५ हजार बोनस द्यायचा, माणूस खूश होऊन पेढे वाटतो आणि प्रत्यक्षात पाच हजार तोट्यात असतो. म्हणून जुनीची किंमत वेगळी लिहून घ्या, नवीची वेगळी, आणि जुनी बाहेर दोन ठिकाणी दाखवून या. आमच्याकडंच आणा असं नाही. डीलर जुनी विकतो तेव्हा त्याला मार्जिनवर (घेतल्या-विकल्याच्या भावातल्या फरकावर) १८ टक्के जीएसटी भरावा लागतो, आम्हालाही लागतो, त्यामुळं ओळखीतल्या माणसाला थेट विकली तर तुम्हाला चार पैसे जास्तच मिळतील, हे आमच्या पोटावर पाय देऊन सांगतोय.

कधी जायचं म्हणाल तर दसरा, पाडवा, अक्षय्य तृतीयेला डिस्काउंट मागू नका, तेव्हा लोक मुहूर्ताला गाडी मिळावी म्हणून मागं लागलेले असतात. महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात, मार्चअखेरीला, आणि ज्यांना चालतंय त्यांनी पितृपंधरवड्यात जावं, शोरूममध्ये माशी हलत नसते.

डिसेंबर-जानेवारीत मागच्या सालच्या स्टॉकवर बरी सूट मिळते. पण फॉर्म २१ (शोरूमचा विक्रीचा दाखला) वर आणि आरसीवर उत्पादनाचा महिना-वर्ष छापलेला असतो, आणि विकताना समोरचा पहिल्यांदा विचारणार "कितीचं मॉडेल?" आठ-दहा वर्षं गाडी ठेवणार असाल तर बिनधास्त घ्या, एका वर्षाच्या फरकाला तेव्हा कोण विचारत नाही. तीन वर्षांत बदलायची सवय असेल तर ती सूट पुढं विकताना तशीच परत जाते.

खरा हिशोब

समजा दोन गाड्या आहेत, दोन्ही दीड टनाच्या. पहिलीवर काही सुटत नाही, ऑन-रोड ९ लाख ६० हजार. दुसरीवर ७० हजार डिस्काउंट, पडते ८ लाख ९० हजाराला. पाच वर्षांनी पहिली ४ लाख ८० हजाराला जाते आणि दुसरीला ३ लाख ६० हजाराच्या वर गिऱ्हाईकच मिळत नाही. पहिलीला पाच वर्षांत ४ लाख ८० हजार गेले, म्हणजे वर्षाला ९६ हजार. दुसरीला ५ लाख ३० हजार, म्हणजे वर्षाला १ लाख ६ हजार. सत्तर हजार सुटले म्हणून घेतलेली गाडी पन्नास हजारानं महाग पडली. आकडे समजुतीसाठी घेतलेत, पण ज्या गाडीवर कायमच मोठा डिस्काउंट चालू असतो तिच्याबद्दल आमचं मत असं की कंपनी तुम्हाला तुमचाच रिसेलचा पैसा आधी काढून देत असते.

याला अपवाद आहे. गाडी मरेपर्यंत वापरणारा माणूस असेल, किंवा रोज ठरलेली फेरी आणि किलोमीटर प्रचंड असतील, तर रिसेल विसरा आणि ॲव्हरेज, सर्व्हिस आणि डिस्काउंट बघा.

हप्त्याचा घोळ

"फक्त ७ टक्के" असं सांगितलं की विचारा, फ्लॅट (शेवटपर्यंत पूर्ण कर्जावर व्याज) का रिड्युसिंग (फक्त उरलेल्या कर्जावर व्याज)? ८ लाखाचं कर्ज, चार वर्षं, ७ टक्के फ्लॅट म्हणजे व्याज २ लाख २४ हजार आणि हप्ता २१,३३३. हाच हप्ता रिड्युसिंगच्या भाषेत साडेबारा टक्क्यांच्या वर जातो. बँक अकरा टक्के रिड्युसिंग म्हणत असेल तर ती स्वस्त आहे, ऐकायला महाग वाटते एवढंच. प्रोसेसिंग फी आणि मुदतीआधी कर्ज फेडलं तर किती दंड, हे लिहून घ्या. मध्येच गाडी विकायची वेळ आली की तो दंड तुमच्या भावातनंच जातो.

रिसेल कशानं राहतं, कशानं जातं

आपल्या भागात बोलेरो पिकअपला गिऱ्हाईक शोधायला लागत नाही हे सगळ्यांना माहीत आहे. छोटा हत्ती (टाटा एस) २००५ पासून रस्त्यावर आहे, त्याचे पार्ट आणि मेस्त्री गावोगाव मिळतात, त्यामुळं त्यालाही उठाव असतो. दोस्त, इन्ट्रा ह्या पिकअपचा भाव गाडीच्या कंडिशनवर जास्त हलतो. मोठी गाडी घेताना एवढं बघा की ३००० किलो एकूण वजनाच्या (गाडी अधिक माल) आत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही, वर गेलं की लागतं, आणि पुढचा घेणाराही हे बघतो.

गाडी बघताना आम्ही आधी इंजिन उघडत नाही, आधी खाली वाकतो. पाटे (खालच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवलेत का, चेसिसला वेल्डिंग मारलंय का, हौद्याच्या कोपऱ्यात पत्रा फुगलाय का, फाळक्याचे बिजागर झिजलेत का. गगनबावड्याच्या घाटातनं दीडपट माल भरून फेऱ्या मारलेली गाडी वरनं कितीही रंगवली तरी पाटे सांगून टाकतात. मिठाचा, माशांचा, खताचा माल असेल तर हौदा रोज धुवा, विकताना फरक दिसतो.

आणि कोल्हापुरात पूर हा विषय आहेच. २०१९ आणि २०२१ ला पंचगंगेचं पाणी हायवेवर आलं, किती गाड्या बुडाल्या ते आपण बघितलं. जुनी घेताना सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, आतल्या टोकाला चिखलाची रेघ असते, ती कुणी धुवत नाही. सीटखालचे बोल्ट आणि डॅशबोर्डमागची वायरिंग पण बघा. तुमची स्वतःची गाडी बुडाली असेल तर क्लेमची कागदं जपून ठेवा आणि घेणाऱ्याला आधीच सांगा, नंतर कळलं तर सौदा मोडतो.

कर्नाटक पासिंगची गाडी निपाणी-चिक्कोडीकडनं स्वस्त मिळते, पण एनओसी (ना हरकत दाखला), इकडचा टॅक्स आणि हेलपाटे धरले तर स्वस्ताई किती उरते ते बघून घ्या.

विकायची वेळ म्हणाल तर उसाची बिलं जमा व्हायला लागली की. तेव्हा गावाकडनं रोख घेऊन येणारी माणसं असतात.

गाडी दाखवायला आणताना

हौदा रिकामा करून आणा. आरसी, इन्शुरन्स, फिटनेस, पीयूसी लागेल (फिटनेस नव्या गाडीला आठ वर्षांपर्यंत दोन-दोन वर्षांनी, पुढं दरवर्षी). कर्ज फिटलं असेल तर बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म ३५, चालू असेल तर ताजं लोन स्टेटमेंट. ट्रान्सफरला फॉर्म २९ आणि ३० आमच्याकडं मिळतात. ई-चलन आधी मोबाईलवर तपासून भरून टाका, बरेच सौदे तिथंच अडकतात. सर्व्हिसची बिलं असतील तर तीही आणा, तेलकट झालेली असली तरी चालतील. शोरूमचं कोटेशन नुसतं वाचून पाहिजे असेल तर व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा, त्याचे पैसे घेत नाही.