गोळी नव्हे, खायची काच

लिंबाच्या चवीची कडक, पारदर्शक गोळी उजेडासमोर धरा. आरपार दिसतं. दाताखाली फुटली की तिचे धारदार तुकडे होतात, जीभसुद्धा कापते. पदार्थविज्ञानाच्या हिशेबी ती खरोखरच काच आहे, वाळूऐवजी साखरेची. गोळ्यांच्या इतिहासातली मला सगळ्यात मोहक वाटणारी गोष्ट हीच. साखर तीच, पण तिचे रेणू कसे बसले यावर खडा, गोळी की कापूस ते ठरतं.

सुरुवात खड्यापासून झाली. ‘कँडी’ या शब्दाचं मूळ संस्कृत ‘खण्ड’. फारसी-अरबीत त्याचं ‘कंद’ झालं आणि फ्रेंचमधून ते इंग्रजीत पोचलं. ‘शुगर’ आली ‘शर्करा’वरून, आणि शर्करा म्हणजे मुळात वाळू, बारीक खडे. उसाच्या रसाचे टिकाऊ खडे करता येणं हाच मोठा शोध होता, कारण खडे दूरवर नेता येतात. दाट पाकात दोरा सोडून तो सावकाश निवू दिला, तर साखरेचे रेणू एकावर एक शिस्तीत बसत जातात. तीच खडीसाखर.

गोळीसाठी मात्र ही शिस्त मोडावी लागते. पाक १५० अंश सेल्सिअसच्या आसपास आटवला की त्यात जेमतेम एक-दोन टक्के पाणी उरतं. तो झटकन थंड केला, तर रेणूंना रांगेत यायला वेळच मिळत नाही. असतील तिथेच ते अडकून पडतात आणि काच तयार होते. अडचण एकच : पाक साखरतो. त्यावरचा जुना उपाय म्हणजे लिंबू. आम्लामुळे काही साखर फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते, आणि हे वेगळ्या आकाराचे रेणू रांगेत घुसून तिचा विस्कोट करतात. १८११ मध्ये रशियातल्या सेंट पीटर्सबर्ग इथे रसायनतज्ज्ञ किर्खहोफ यांनी स्टार्च आम्लात उकळून गोड पाक मिळवला. आज कारखान्यांत पाक साखरू नये म्हणून घालतात ते ग्लुकोज सिरप त्याच वाटेवरचं. एवढं करूनही ही काच हवेतलं पाणी ओढून घेते, मऊ पडते, चिकट होते. म्हणून तर प्रत्येक गोळीला कागद!

याच काचेचे धागे काढले की बुढ्ढी के बाल. १८९७ मध्ये अमेरिकेतल्या नॅशव्हिलच्या विल्यम मॉरिसन आणि जॉन व्हॉर्टन यांनी त्याचं यंत्र बनवलं. व्हॉर्टन मिठाईवाले, मॉरिसन चक्क दंतवैद्य होते. वितळलेली साखर गरगर फिरणाऱ्या भांड्याच्या बारीक छिद्रांतून बाहेर फेकली जाते आणि हवेतच गोठते. १९०४ च्या सेंट लुईसच्या जागतिक प्रदर्शनात त्यांनी ‘फेअरी फ्लॉस’ या नावाने ६८,६५५ डबे विकले, पंचवीस सेंटला एक.

तोंडात तडतडणारी गोळी त्यानंतर बरीच उशिरा आली. जनरल फूड्स या अमेरिकी कंपनीचे रसायनतज्ज्ञ विल्यम मिचेल १९५६ मध्ये पाण्यात टाकताच फसफसणारं पेय करता येईल का, ते बघत होते. त्यांनी वितळलेल्या साखरेत कार्बन डायऑक्साइड कोंबला आणि तो दाब तसाच ठेवून साखर गोठवली. हा दाब हवेच्या सुमारे चाळीसपट असतो. वायूचे बारीक बुडबुडे काचेत कैद होतात. जिभेवर भिंती विरघळून पातळ झाल्या की ते फुटतात. कानात ऐकू येतो तो याच बुडबुड्यांचा आवाज. १९७५ मध्ये ही गोळी ‘पॉप रॉक्स’ म्हणून बाजारात आली.

खड्याकडेही स्वतःची एक करामत आहे. अंधारात साखर सुरीने खरवडली तर ती चमकते, हे इंग्रज तत्त्वज्ञ फ्रान्सिस बेकन यांनी १६२० मध्येच लिहून ठेवलं आहे. स्फटिक तुटताना त्याच्या दोन बाजूंवर विरुद्ध विद्युतभार जमतात. ते मधल्या हवेतून उडी मारतात आणि हवेतला नायट्रोजन उजळतो. हा प्रकाश बहुतांशी अतिनील, म्हणून डोळ्यांना फिकाच दिसतो. पण विंटरग्रीन या सुगंधी झुडपाच्या चवीसाठी वापरतात ते मिथाइल सॅलिसिलेट अतिनील किरण शोषून निळा प्रकाश सोडतं. साखरेची भुकटी दाबून केलेली, या चवीची पांढरी गोळी मिळाली तर खोलीत पूर्ण अंधार करा. डोळे सरावेपर्यंत दहा मिनिटं थांबा, आरशासमोर उभे राहा आणि तोंड उघडं ठेवून ती कडकन फोडा.