व्हाळाचे बारसे

गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या एका गावात रस्त्याच्या मोरीखालून पाणी खळाळत होते. पावसाळा सरत आला होता, तरी जोर होता. मोरीच्या कठड्यावर एक आजोबा बसले होते. त्यांना विचारले, ह्या व्हाळाचे, म्हणजे ओढ्याचे, नाव काय? त्यांनी माझ्याकडे जरा नवलानेच पाहिले. म्हणाले, "व्हाळ तो. हांगा दुसरो खंय आसा?" म्हणजे, इथे दुसरा आहेच कुठे?

त्या दिवशी मी थोडा खट्टू झालो. नंतर जसजसे वाचत गेलो तसतसे कळले, की नावांच्या अभ्यासातली एक मोठी गोष्ट आजोबांनी एका वाक्यात सांगितली होती. नाव लागते ते एकाला दुसऱ्यापासून वेगळे ओळखायला. गावात व्हाळ एकच असेल तर 'व्हाळ' एवढेच पुरे. इंग्लंडमध्ये एव्हन नावाच्या कितीतरी नद्या आहेत आणि तिथल्या जुन्या केल्टिक भाषेत त्या शब्दाचा अर्थच मुळी 'नदी' असा आहे. नंतर आलेल्या लोकांना हे ठाऊक नव्हते. त्यांनी पुढे पुन्हा 'नदी' जोडले, म्हणजे 'नदी नदी' झाले. आपल्याकडेही तेच घडते. वेर्णे-कुठ्ठाळी परिसरात केसरव्हाळ आहे. व्हाळ म्हणजे वाहते पाणी, कोकणातला वहाळ तो हाच, 'वाहणे'शी नाते सांगणारा. पण आता सगळे 'केसरव्हाळची झर' म्हणतात. वाहते पाणी नावात आधीच होते, ते आणखी एकदा आले.

भूगोलात प्रवाहांना प्रती, म्हणजे लहानमोठेपणाचे क्रमांक, लावायची एक पद्धत आहे. रॉबर्ट हॉर्टन यांनी १९४५मध्ये ती मांडली आणि आर्थर स्ट्रॅलर यांनी १९५२मध्ये ती सुटसुटीत केली. ज्याला वरून एकही उपप्रवाह मिळत नाही तो पहिल्या प्रतीचा. पहिल्या प्रतीचे दोन मिळाले की दुसऱ्या प्रतीचा, दुसऱ्या प्रतीचे दोन मिळाले की तिसऱ्या. कुठल्याही नदीचे असे जाळे मोजायला घेतले तर संख्येने सर्वांत जास्त भरतात ते पहिल्या प्रतीचे प्रवाह, आणि त्यांची लांबी एकत्र केली तर जाळ्याच्या निम्म्याहून जास्त होते. नकाशावर आपण म्हादई, जुवारी, साळ, शापोरा वाचतो. पण नदी म्हणजे खरे तर हे असंख्य बारके व्हाळ, आणि ठळक अक्षरांतले नाव फक्त शेवटच्या जाड रेघेला मिळते.

गोव्यात हे बारके प्रवाह इतके का, याचे उत्तर पायाखालच्या दगडात आहे. राज्य उणेपुरे ३,७०२ चौरस किलोमीटरचे, एका बाजूला सह्याद्री, दुसऱ्या बाजूला समुद्र, आणि चार महिन्यांत पडणारा सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस. तो पाऊस सड्यांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या खडकाळ पठारांवर, पडतो. सड्याचा जांभा, ज्याचे आपण चिरे काढतो, तो भोकाभोकांचा असतो. पाणी त्यातून झिरपत खाली जाते. जांभ्याखाली मऊ, चिकण मातीचा थर लागतो, तिथे ते अडते आणि आडवे सरकू लागते. डोंगराच्या कुशीत हा थर जिथे उघडा पडतो तिथे झर फुटते. म्हणून गोव्यातल्या जुन्या झरी बहुतेक सड्याच्या पायथ्याशी सापडतात. पाऊस थांबल्यावरही त्या महिनोन्‌महिने वाहतात, कारण सडा पाणी हळूहळू सोडत असतो.

पणजीचा आल्तिनो हा असाच सडा. त्याच्या पायथ्याशी 'बोका द व्हाका' आहे. पोर्तुगीजमध्ये त्याचा अर्थ गाईचे तोंड. आपण ज्याला गोमुख म्हणतो तीच कल्पना, फक्त भाषा वेगळी. त्याच डोंगराच्या दुसऱ्या अंगाला मळा नावाच्या वाड्यात 'फोंत फेनिक्स' आहे, फिनिक्स पक्ष्याची झर. शेजारच्या फोंतेन्यास या वाड्याच्या नावाचा अर्थही 'लहान झरे' असाच होतो. पर्यटक तिथल्या रंगीत घरांचे फोटो काढतात. माझ्या मते त्या वाड्याची खरी ओळख त्याच्या नावात आहे: इथे डोंगरातून पाणी येते.

त्याच्या अगदी उलट तऱ्हेचे नाव जवळच आहे. पणजीतल्या पाटो पुलांखालच्या पाण्याला 'रुआ द ओरें'ची खाडी म्हणतात. रुआ म्हणजे रस्ता. म्हणजे खाडीचे नाव रस्त्यावरून आलेले. ओरें हे पोर्तुगालमधले गाव, आणि १८५१ ते १८५५ या काळात गोव्याचे गव्हर्नर असलेले लापा हे 'व्हिला नोव्हा द ओरें'चे व्हायकाउंट, म्हणजे सरदार, होते. भरती-ओहोटीने रोज वरखाली होणाऱ्या त्या खाडीविषयी हे नाव आपल्याला काहीच सांगत नाही. ते कागदावर ठरलेले आहे, पाण्याकाठी नव्हे.

पाण्याकाठी ठरलेले नाव कसे असते ते पाहायचे तर काणकोणात जावे. गावडोंगरीच्या बाजूला बामणबुडो नावाचा धबधबा आहे. बामण बुडाला तो. कोणी ब्राह्मण तिथे बुडाला अशी आख्यायिका आहे. ती घटना घडली की नाही हा इतिहासाचा प्रश्न. पण धबधब्याखाली माणूस का बुडतो, हे पदार्थविज्ञान नेमके सांगते. कोसळणारे पाणी आपल्याबरोबर हवा खाली नेते. आपल्या शरीराची घनता पाण्याच्या घनतेहून जेमतेम कमी असते, म्हणून तर आपण तरंगतो. त्या फेसाळ पाण्यात दहा टक्के हवा मिसळली तर त्याची घनताही तेवढीच उतरते आणि तरंगायचा आधार जातो. त्यात भर म्हणजे पडलेले पाणी तळाशी जाऊन वर येते आणि वरच्या थरातून पुन्हा धबधब्याकडेच ओढले जाते. पट्टीचा पोहणाराही त्या चक्रात अडकतो. हे लक्षात आल्यापासून बामणबुडो मला धोक्याची पाटी वाटतो. लाकडाची पाटी दोन पावसाळ्यांत कुजली असती. ही पिढ्यान्‌पिढ्या टिकली, कारण ती तोंडात होती.

दूधसागर तर सर्वांना ठाऊक आहे, सुमारे ३१० मीटरचा. हे नाव कवीने दिल्यासारखे वाटते, पण ते विज्ञानालाही धरून आहे. दुधात पांढरा रंग नसतो. त्यातले स्निग्धाचे थेंब आणि प्रथिनांचे कण सर्व रंगांचा प्रकाश सारखाच विखुरतात, म्हणून ते पांढरे दिसते. कड्यावरून फुटणाऱ्या पाण्यातले थेंब आणि बुडबुडेही नेमके हेच करतात. दोन्हींच्या पांढरेपणामागे कारण एकच.

याच पाण्याचे पुढे काय होते तेही पाहण्यासारखे आहे. वर दूधसागर नदी, खाली खांडेपार नदी, आणि शेवटी मांडवी. उत्तरेला तिळारी कोलवाळला आली की कोलवाळची नदी होते, मुखाशी शापोरा. दक्षिणेची कुशावती पारोड्याजवळ पारोड्याची नदी. उगमापासून मुखापर्यंत एक नदी एक नाव ही नकाशा काढणाऱ्यांची गरज आहे. काठावरच्या माणसाला आपल्या घाटापुरते, आपल्या शेतापुरते पाणी ओळखायचे असते, आणि तेवढ्याचेच तो नाव ठेवतो.

वाळवंटी नदीचे नाव मला सर्वांत आवडते. वाळवंट म्हटले की आता राजस्थान आठवते, पण आपल्या वारकऱ्यांचे वाळवंट चंद्रभागेकाठचे, नदीने आणून टाकलेल्या वाळूचे. घाटाच्या तीव्र उतारावरून नदी सपाटीला आली की तिचा वेग पडतो, आणि वेग पडला की तिने वाहून आणलेले जड कण आधी खाली बसतात. म्हणून वाळू साठते ती अशा जागी. ही नदी केरी-मोर्लेकडून साखळीला येते, आणि तिच्या काठी विठ्ठलापूरला विठ्ठल उभा आहे. पंढरीचे वाळवंट आठवायला साखळीच्या माणसाला लांब जावे लागले नाही.

आजोबांकडे मी पुढल्या वर्षी पुन्हा गेलो. या वेळी प्रश्न बदलला. व्हाळाचे नाव न विचारता, त्यात कुठे काय आहे ते विचारले. मग ते उठलेच. वरच्या अंगाला म्हशी बसतात तो डोह, त्याच्या खाली बायका धुणे धुतात तो कातळ, पलीकडे वाकडा माड होता ती वळणाची जागा. माड पडून वीस वर्षे झाली, तरी वळण माडाचेच. मोरीपासून शेताच्या बांधापर्यंत, पाचशे पावलेही नसतील, त्यांनी मला अकरा जागा दाखवल्या.