आठ महिन्यांच्या बाळाला उमगलेली शक्यता सहाव्या वर्षी का अडते?

पसरट खोक्याच्या एका कडेला लाल आणि पांढरे मणी वेगवेगळे लावून ठेवले आणि खोके दोन्ही बाजूंना पुन्हा पुन्हा कलते केले, तर मणी एकमेकांत मिसळत जातील, हे मोठ्यांना सांगावे लागत नाही. मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे आणि बार्बेल इनहेल्डर यांनी हाच प्रयोग मुलांपुढे मांडला, तेव्हा लहान मुलांनी मणी पुन्हा आपापल्या जागी येतील, असे भाकीत केले. 1951 मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासावरून, वयाच्या साधारण सातव्या वर्षापूर्वी मुलाला योगायोगाची कल्पनाच नसते, असा निष्कर्ष निघाला आणि तो बराच काळ टिकला.

त्याला धक्का दिला तो बोलताही न येणाऱ्या बाळांनी. फेई शू आणि वशती गार्सिया या संशोधिकांनी 2008 मध्ये आठ महिन्यांच्या बाळांसमोर एक मोठी पेटी ठेवली. संशोधिका डोळे मिटून तिच्यातून पाच चेंडू काढी आणि त्यानंतर पेटीतला साठा बाळाला दाखवला जाई. साठा बहुतांश लाल असूनही हाती चार पांढरे आणि एकच लाल आलेला असेल, तर बाळे त्या दृश्याकडे अधिक वेळ पाहत राहिली. तेच चेंडू पेटीऐवजी खिशातून काढले, तेव्हा मात्र हा फरक उरला नाही. म्हणजे नजर खिळली ती रंगामुळे नव्हे, तर नमुना आणि साठा यांच्या विसंगतीमुळे. अर्थात एवढ्यावरून बाळाला गणित येते असे म्हणणे घाईचे ठरेल, कारण इथे मोजला गेला तो फक्त पाहण्याचा वेळ.

खरे कोडे पुढेच आहे. एका पिशवीत तीन लाल व एक पांढरी गोटी आणि दुसरीत पाच लाल व पाच पांढऱ्या गोट्या असतील, तर न पाहता लाल गोटी मिळण्याची शक्यता पहिलीत 75 टक्के आणि दुसरीत 50 टक्के असते. तरीही पाच-सहा वर्षांची बरीच मुले दुसरी पिशवी निवडतात, कारण तिच्यात लाल गोट्या अधिक दिसतात. मोजता येऊ लागलेले मूल हव्या त्या वस्तू मोजते आणि बाकीच्यांकडे दुर्लक्ष करते. गुणोत्तराची जी जाण आधी नजरेत होती, तिच्यावर नवीनच हाती आलेली संख्या कुरघोडी करते, असे मला वाटते.

लुडोतही सहा पडल्याशिवाय सोंगटी बाहेर निघत नाही, म्हणून सहा पडणे सर्वांत कठीण, अशी अनेक मुलांची खात्री असते. सहाची तुलना ती एखाद्या दुसऱ्या आकड्याशी न करता उरलेल्या पाचही आकड्यांशी एकदम करतात, आणि तशी पाहिली तर त्यांची तक्रार रास्तच आहे.