पहिल्या वर्षी निसटलेले चेंडू: क्वेंटिन जॉन्स्टनची पार्श्वभूमी

२७ एप्रिल २०२३ च्या रात्री कॅन्सस सिटीत एनएफएलचा, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक फुटबॉल लीगचा, ड्राफ्ट चालू होता. कॉलेजमधून येणारे खेळाडू संघांनी क्रमाने निवडायचे, अशी अमेरिकन फुटबॉलमधली ही वार्षिक पद्धत. त्या रात्री पहिल्या एकोणीस निवडींत एकही रिसीव्हर, म्हणजे पास झेलणारा खेळाडू, नव्हता. मग सलग चार रिसीव्हर गेले. विसावा जॅक्सन स्मिथ-एन्जिग्बा सिएटलकडे, एकविसावा क्वेंटिन जॉन्स्टन लॉस एंजेलिस चार्जर्सकडे, बाविसावा झे फ्लॉवर्स बाल्टिमोरकडे आणि तेविसावा जॉर्डन ॲडिसन मिनेसोटाकडे.

एकापाठोपाठ एक निवडलेल्या खेळाडूंची तुलना आयुष्यभर सुटत नाही. पहिला मोसम संपला तेव्हा ॲडिसनच्या नावावर ९११ यार्ड (झेल घेऊन संघाला पुढे नेलेलं अंतर) आणि १० टचडाउन (चेंडू गोलरेषेपार नेणं) होते, फ्लॉवर्सचे ८५८ यार्ड होते, स्मिथ-एन्जिग्बाचे ६२८. जॉन्स्टनचे ३८ झेल, ४३१ यार्ड आणि अवघे दोन टचडाउन. त्यात भर म्हणजे त्याच वर्षी पुका नाकुआ नावाचा, तब्बल १७७ व्या क्रमांकावर निवडलेला पोरगा १०५ झेल आणि १,४८६ यार्डांचा नवख्यांचा विक्रम करून मोकळा झाला. जॉन्स्टनवर ‘वाया गेलेली निवड’ असा शिक्का बसायला मग वेळ लागला नाही.

हा शिक्का घाईचा होता असं माझं स्पष्ट मत आहे. मात्र टीका करणारे निव्वळ कुजकट होते असंही नाही. जे दिसत होतं त्यावरच ते बोलत होते.

जॉन्स्टन टेक्सासमधल्या टेंपलचा. उंची सहा फूट तीन इंच, आणि जागच्या जागी ४०.५ इंच उडी. टीसीयू म्हणजे टेक्सास क्रिश्चन विद्यापीठाकडून २०२२ च्या मोसमात त्याने १,०६९ यार्ड काढले. ३१ डिसेंबरच्या फिएस्टा बोल या कॉलेज फुटबॉलच्या उपांत्य सामन्यात बलाढ्य मिशिगनला टीसीयूने ५१-४५ असं हरवलं, तेव्हा त्याचे सहा झेलांत १६३ यार्ड होते. त्यातला एक छोटा पास घेऊन तो ७६ यार्ड पळत सुटला होता. चेंडू हाती आल्यावर इतक्या उंच माणसाने एवढ्या चपळाईने वळावं, हे क्वचितच बघायला मिळतं. नऊ दिवसांनी झालेल्या अंतिम सामन्यात जॉर्जियाने टीसीयूचा ६५-७ असा धुव्वा उडवला. त्या सामन्यात जॉन्स्टनला एकच झेल मिळाला, तीन यार्डांचा. त्याच्यातलं सगळं बरं-वाईट या दोन सामन्यांत दिसून गेलं होतं.

कॉलेजपासूनच त्याच्यावर एक आक्षेप होता: तो चेंडू अंगावर घेतो. चांगला रिसीव्हर हात शरीरापासून पुढे काढतो, दोन्ही अंगठे आणि तर्जन्या जुळवून चेंडूचं टोक त्या जागेत अडवतो आणि नजरेने तो थेट हातांत येईपर्यंत पाहतो. जॉन्स्टन बऱ्याचदा चेंडू छातीपर्यंत येऊ देई. छातीवर आदळलेला चेंडू उसळतो, शिवाय बचावपटूला मध्ये हात घालायला तेवढा क्षण मिळतो. आणखी एक खोड म्हणजे झेल पुरा व्हायच्या आधीच पुढे कुठे पळायचं ते बघणं. पळण्यात हातखंडा असलेल्यांना ही घाई हमखास होते.

कॉलेज आणि एनएफएल यांतला फरकही लक्षात घ्यायला हवा. कॉलेजच्या चेंडूवर दोन्ही टोकांपाशी पांढरे पट्टे असतात, त्यामुळे तो हवेत फिरताना नजरेला पकडता येतो. एनएफएलच्या चेंडूवर ते नसतात. २०२१ मध्ये जमार चेस या नवख्या रिसीव्हरने सराव सामन्यांत लागोपाठ झेल सोडले तेव्हा त्याने याच गोष्टीकडे बोट दाखवलं होतं. लोकांनी त्याची टर उडवली. त्याच मोसमात त्याने १,४५५ यार्ड आणि १३ टचडाउन केले. शिवाय एनएफएलमध्ये बचावपटू सुरुवातीच्या रेषेवरच छातीला हात लावून अडवतो, आणि समोरचा बचाव कसा रचलाय ते पळता पळता वाचून रिसीव्हरला आपला मार्ग बदलावा लागतो. पास टाकणाऱ्या क्वार्टरबॅकने तोच बदल त्याच क्षणी ओळखलेला असावा लागतो. चुकीच्या वळणावर गेलेल्या पासचा दोष प्रेक्षक क्वार्टरबॅकला देतात. आत मात्र सगळ्यांना खरं माहीत असतं.

म्हणूनच रिसीव्हरला उभं राहायला तीन वर्षं द्यावीत, असं जुने जाणकार मानत. जेरी राइसचंच बघा. मिसिसिपीतल्या गवंड्याचा हा मुलगा वडिलांच्या हाताखाली विटा झेलत मोठा झाला. १९८५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोने त्याला सोळाव्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या मोसमात त्याच्या हातून इतके चेंडू निसटले की घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो केली. डिसेंबरमध्ये रॅम्सविरुद्ध सोमवारी रात्री त्याने दहा झेलांत २४१ यार्ड काढले, आणि पुढच्या मोसमात १,५७० यार्ड व १५ टचडाउन. निवृत्तीवेळी त्याचे २२,८९५ यार्ड होते. अटलांटाच्या रॉडी व्हाइटची पहिली दोन वर्षं ४४६ आणि ५०६ यार्डांची होती, तिसऱ्या वर्षी १,२०२.

हा धीर २०१४ पासून आटत गेला. त्या वर्षी ओडेल बेकहॅमने १२ सामन्यांत १,३०५ यार्ड केले, माइक एव्हान्स आणि केल्विन बेंजामिन या नवख्यांनीही हजाराचा टप्पा ओलांडला. मग २०२० मध्ये जस्टिन जेफरसन, पुढच्या वर्षी चेस, नंतर नाकुआ. अपवाद हाच नियम वाटू लागला आणि पहिल्या वर्षी न चमकणारा मुलगा नापास ठरू लागला.

जॉन्स्टनशी सगळ्यात जवळचं उदाहरण मला नेल्सन अगोलोरचं वाटतं. फिलाडेल्फियाने २०१५ मध्ये त्याला विसाव्या क्रमांकावर घेतलं. पहिल्या वर्षी २८३ यार्ड, दुसऱ्या वर्षी ३६५. २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये सिएटलला तो चुकीच्या जागी उभा राहिल्यामुळे संघाचा एक टचडाउन रद्द झाला, एक पासही सुटला. सामन्यानंतर आपण फार विचार करतो, डोक्यावर ओझं आहे, असं त्याने उघडपणे सांगितलं. प्रशिक्षक डग पीडरसन यांनी पुढच्या सामन्यात त्याला बाहेर बसवलं. २०१७ मध्ये त्याला बाहेरच्या टोकावरून आतल्या जागी आणलं, आणि त्याने आठ टचडाउन केले. सुपर बोलमध्ये, म्हणजे एनएफएलच्या अंतिम सामन्यात, नऊ झेल घेऊन तो विजेत्या संघात होता. पुढे २०१९ मध्ये झेल पुन्हा सुटू लागले. म्हणजे ही व्याधी कायमची जात नाही, तिच्याशी झुंजतच खेळावं लागतं. उलट बाजूही आहे: मिनेसोटाने २०१६ मध्ये तेविसाव्या क्रमांकावर घेतलेल्या लक्वॉन ट्रेडवेलने पहिल्या वर्षी एकच झेल घेतला आणि तो त्या संघात शेवटपर्यंत सावरला नाही.

२०२३ चे चार्जर्स तर नवख्याला सांभाळून घेण्याच्या अवस्थेत नव्हतेच. तिसऱ्याच सामन्यात अनुभवी रिसीव्हर माइक विल्यम्सचा गुडघा गेला आणि ज्याला सावकाश शिकवायचं ठरलं होतं त्याला थेट मैदानात ढकलावं लागलं. १९ नोव्हेंबरला ग्रीन बे इथे चार्जर्स २३-२० असे मागे होते. अगदी अखेरच्या क्षणांत क्वार्टरबॅक जस्टिन हर्बर्टने लांब पास टाकला. जॉन्स्टन बचावपटूच्या पुढे निघाला होता, चेंडू हातांत आला आणि सुटला. हाती राहता तर निदान बरोबरी साधणाऱ्या तीन गुणांच्या किकपर्यंत तरी मजल गेली असती. विश्वचषकात सीमारेषेवर सोपा झेल सोडणाऱ्याला आपल्याकडे जशी वर्षानुवर्षं माफी नसते, तसंच त्याचं झालं. डिसेंबरमध्ये हर्बर्टच्या उजव्या हाताची तर्जनी मोडली, रेडर्सकडून ६३-२१ अशी हार झाल्यावर प्रशिक्षक ब्रँडन स्टेली आणि महाव्यवस्थापक टॉम टेलेस्को दोघेही गेले. मोसम पाच विजय आणि बारा पराभव असा संपला.

जानेवारी २०२४ मध्ये नवे प्रशिक्षक आले जिम हार्बॉ. तेच, ज्यांच्या मिशिगनला फिएस्टा बोलमध्ये या मुलाने पळवून पळवून दमवलं होतं. त्याच्यात काय आहे हे त्यांना चित्रफिती बघून शिकायची गरज नव्हती. मार्चमध्ये विल्यम्सला मोकळं केलं, कीनन ॲलनला शिकागोला धाडलं. आडोसा देणारे दोन्ही ज्येष्ठ गेले. रिसीव्हरांना शिकवायला सिएटलहून संजय लाल आले, पायांच्या हालचाली बारकाईने घडवणारे म्हणून ते ओळखले जातात.

स्वभावाची परीक्षा खरी इथे झाली. दुसऱ्या मोसमाच्या दुसऱ्याच सामन्यात कॅरोलायनाविरुद्ध त्याने दोन टचडाउन केले. पण २५ नोव्हेंबरला बाल्टिमोरविरुद्ध सगळ्या देशासमोर पाच वेळा पास त्याच्याकडे आला आणि एकही हाती राहिला नाही, त्यातला एक तर सरळसरळ सोडलेला. ग्रीन बेच्या जखमेवरची खपली निघाली. अशा रात्रीनंतर बरेच जण चेंडू मागायचं सोडतात, मार्ग अर्धवट पळतात, क्वार्टरबॅकची नजर चुकवतात. जॉन्स्टनने तसं केलं नाही, आणि हर्बर्टनेही त्याच्याकडे फेकणं थांबवलं नाही. मला या दुसऱ्या गोष्टीचं मोल जास्त वाटतं, कारण रोजच्या सरावात कोण राबतं हे क्वार्टरबॅकइतकं कुणालाच कळत नाही. ५ जानेवारी २०२५ ला मोसमाच्या शेवटच्या सामन्यात लास व्हेगासमध्ये रेडर्सविरुद्ध त्याने तेरा झेल आणि १८६ यार्ड काढले. मोसमाचे ७११ यार्ड, आठ टचडाउन.

तरीही संघातला पहिला रिसीव्हर तो नव्हता. ते स्थान नवख्या लॅड मॅककॉन्कीने पटकावलं होतं, आणि तेही रास्त होतं. जॉन्स्टनची ताकद वेगळी: गोलरेषेजवळची उंची, लांब पळ, आणि छोट्या पासवरून मोठी मजल. २०२५ चा मोसम साओ पाउलोत कॅन्सस सिटी चीफ्सविरुद्ध सुरू झाला. चार्जर्स २७-२१ जिंकले, त्यात जॉन्स्टनचे ७९ यार्ड आणि दोन टचडाउन होते. त्याच्या पहिल्या कराराचं चौथं वर्ष २०२६ चं. त्याच्यासारख्या पहिल्या फेरीत निवडलेल्यांना संघ पाचवं वर्षही देऊ शकतो. २०२३ च्या डिसेंबरमध्ये त्याच्याबाबतीत ही गोष्ट कुणी बोललं असतं, तर लॉस एंजेलिसमध्ये ते कुणीच मनावर घेतलं नसतं.